मोजून ठेवलेलं कोल्हापूर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी बघायला गेलेल्यांना दगडी भिंती दिसल्या आणि वर उघडं आभाळ. तेव्हापासून गावात एकच मागणी ऐकू येत राहिली, "होतं तसंच बांधा." पण होतं तसं म्हणजे नेमकं कसं? तिथली नाटकं सगळ्यांना आठवतात. छप्पर तोलणाऱ्या दोन कैच्यांमध्ये, म्हणजे तिकोनी चौकटींमध्ये, किती अंतर होतं, हे कुणालाच आठवत नाही. त्यासाठी नकाशा लागतो, आणि जुन्या इमारतींचे नकाशे बहुतेक वेळा आर्किटेक्चर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली पोरं काढत असतात.

या अभ्यासाला 'मेझर्ड ड्रॉइंग' म्हणतात. चार-पाच जणांचा गट, एक लांब फीत, एक ओळंबा, खडू आणि पॅड. वाडा, देऊळ, तालीम, जे मिळेल ते इंचाइंचाने मोजायचं आणि शीटवर उतरवायचं. ही पद्धत कोल्हापूरची नाही. मुंबईच्या जे. जे. आर्किटेक्चर कॉलेजात ब्रिटिश वास्तुविशारद क्लॉड बॅटली शिकवत, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय इमारती मोजायला लावल्या. विलायती नमुने गिरवण्यापेक्षा समोरचा खांब बघा, असा त्यामागचा विचार. पुढे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना 'नासा' १९५७ मध्ये निघाली आणि तिच्या स्पर्धांत अशा मोजणीसाठी अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांच्या नावाची ट्रॉफीच आली. या ट्रॉफीपायी किती पोरांनी किती रात्री जागून काढल्या, त्याची मोजणी मात्र कुणी केलेली नाही.

कोल्हापूर या कामाला फार सोयीचं गाव आहे, कारण इथे नकाशाशिवाय बांधलेलं आणि नकाशावरून बांधलेलं अशी दोन्ही बांधकामं हाताच्या अंतरावर आहेत.

पहिल्या प्रकारात अंबाबाईचं देऊळ. ते पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरच्या ९ ते ११ तारखेला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडपातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात आणि एकेका दिवशी पाय, छाती, मुख असं वर चढतात. हे ज्याने साधलं, त्याचा कागद उरलेला नाही, दगड उरला. आता काही वर्षी किरणं मधेच अडतात, कारण देवळाबाहेरच्या पश्चिमेच्या वाटेवर मजले चढत गेले. देवळाची एक वीट न हलवता देऊळ कसं बिघडतं, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

जिल्ह्यातल्याच खिद्रापूरचं कोपेश्वर हेही त्याच जातीचं. शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ, आणि १२१३ चा यादव सिंघणाचा लेख तिथे आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि वर मधोमध गोल मोकळं आभाळ. त्या गोलाच्या बरोबर खाली जमिनीत गोल शिळा. मोजायला बसलं की ही जागा घाम काढते. चौकोनी खोलीत कोपरा धरून सुरुवात करता येते, इथे कोपराच नाही. शिळेचा मध्य शोधायचा, तिथून प्रत्येक खांबापर्यंत फीत ताणायची आणि शेजारच्या दोन खांबांमधलं अंतर वेगळं घेऊन ताळा करायचा.

नकाशावरून बांधलेलं कोल्हापूर आलं मेजर चार्ल्स मॅन्ट या ब्रिटिश वास्तुविशारदाबरोबर. १८७२ ते १८७६ मध्ये टाऊन हॉल, मग थोरला दवाखाना म्हणजे आजचं सीपीआर रुग्णालय, आणि नवा राजवाडा. मॅन्ट १८८१ मध्ये वारले. राजवाडा पुरा झाला १८८४ मध्ये. म्हणजे आखणाऱ्यामागे काम चालू राहिलं, ते कागद होता म्हणून. हात मात्र इथल्याच पाथरवटांचे. कमान कागदावरची, पण दगडावरची छिन्नी गावची. टाऊन हॉलमध्ये आता वस्तुसंग्रहालय आहे आणि १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर झालेल्या उत्खननातल्या वस्तू तिथे बघायला मिळतात.

शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला जाऊन आले. तिथली प्रेक्षागृहं पाहून त्यांनी खासबागेत १९१२ मध्ये कुस्तीचं मैदान आणि त्याला पाठ लावून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं. तेच १९५७ पासून केशवराव भोसले नाट्यगृह. आखाडा आणि रंगमंच एकमेकांना टेकलेले, असं दुसरीकडे मी पाहिलेलं नाही.

आमच्या गटाच्या वाट्याला दुसऱ्या वर्षी शिवाजी पेठेतला एक वाडा आला होता. सोपा, मधली खोली, माजघर, परसू, वर कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत. पहिल्या दिवशी आम्ही दार ते खिडकी, खिडकी ते कोनाडा असं तुकड्यातुकड्याने मोजलं. शीटवर मांडलं तर भिंत साडेचार इंच लांब भरली. प्रत्येक तुकड्यात अर्धा इंच चुकला होता आणि सगळे अर्धे इंच एकाच बाजूला जमा झाले होते. सरांनी काही न बोलता फितीचं शून्य कोपऱ्यात धरायला लावलं आणि एका दमात सगळी मापं वाचायला सांगितली. शिवाय दोन्ही कर्ण. कर्ण घेतले तेव्हा कळलं की खोली काटकोनात नाहीच. रस्ता वळतो तशी भिंत वळली होती. घरातल्या आजी म्हणाल्या, "बाळांनो, आम्हाला कधी वाकडी दिसली नाही ती."

सबमिशनला बाह्य परीक्षक आले, शीटला गुण मिळाले, संपलं. पुढच्या वर्षी त्या शीट कॉलेजच्या जिन्याखाली गेल्या, त्यानंतर बहुधा रद्दीत. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कॉलेजांतल्या मित्रांनीही हेच सांगितलं. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याच्या नोंदी सरकार ठेवेल. पेठेतल्या वाड्याची नोंद ठेवणारं दुसरं कुणी नसतं.

तो वाडा आता नाही. तिथे पार्किंगवर चार मजले आहेत. माझ्याकडे शीट नाही, पण बटर पेपरवरचा कच्चा आराखडा सापडला. त्यावर मधल्या खोलीचे दोन कर्ण पेन्सिलने लिहिलेत: १७ फूट २ इंच आणि १६ फूट ९ इंच. खाली कुणीतरी चहाचा हिशोब मांडलाय.