श्रीलंकेचे पाहुणे: सहा दशकांतले चढउतार

2025 मध्ये श्रीलंकेत 23 लाख 60 हजारांच्या आसपास परदेशी पर्यटक आले. 2018 चा 23 लाख 33 हजारांचा उच्चांक मोडायला या देशाला सात वर्षे लागली. किनारे, चहाचे मळे आणि सिगिरियाचा कातळ मधल्या काळातही जागच्या जागीच होते, त्यामुळे या आकड्यांचे मूळ शोधायचे तर देशाच्या राजकारणाकडे वळावे लागते.

एकेकाळी कोलंबो हा आगबोटींचा थांबा होता. युरोपातून पूर्वेकडे किंवा ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी बोट बंदराला लागली की दिवसभर शहर पाहून पुढे जात. जेट विमाने आली आणि ही वर्दळ ओसरली. 1966 मध्ये सरकारने सिलोन टुरिस्ट बोर्ड स्थापन केले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जे. आर. जयवर्धने तेव्हा पर्यटनाचा कारभार पाहणारे मंत्री होते. त्या वर्षी पर्यटक आले जेमतेम 19 हजार. बोर्डाने दहा वर्षांचा आराखडा हाती घेतला आणि बेंटोटाचा किनारा पर्यटनासाठी विकसित केला. जेफ्री बावा या वास्तुकाराने तिथे उभारलेले हॉटेल पुढे आशियातल्या रिसॉर्ट-बांधणीचा नमुना ठरले. पश्चिम युरोपातून, विशेषतः जर्मनीतून, थंडी चुकवायला लोक येऊ लागले. 1982 मध्ये संख्या 4 लाख 7 हजारांवर गेली.

जुलै 1983 मध्ये कोलंबोत तमिळांची घरेदारे जाळली गेली, कत्तली झाल्या आणि यादवी युद्ध पेटले. 1987 मध्ये पर्यटक पावणेदोन-दोन लाखांवर आले होते. त्यानंतर दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या पक्षाचे बंडही उसळले. युद्धविरामाची चाहूल लागली की लोक परतत आणि नवा स्फोट झाला की पुन्हा पाठ फिरवत. 1982 मध्ये 4 लाख 7 हजार आणि युद्ध संपले त्या 2009 मध्ये 4 लाख 48 हजार! याच काळात थायलंड सुमारे 22 लाखांवरून 1 कोटी 40 लाखांच्या पुढे गेला. श्रीलंकेने युद्धात काय गमावले याचा हिशेब मांडताना माणसांनंतर ही 27 वर्षेही त्यात धरली पाहिजेत.

युद्धाचा फटका कसा बसतो हे 24 जुलै 2001 ला दिसले. लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेच्या आत्मघाती पथकाने कोलंबोजवळच्या कटुनायके येथील हवाई तळावर आणि लगतच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर हल्ला केला. श्रीलंकन एअरलाइन्सच्या प्रवासी विमानांचा जवळजवळ निम्मा ताफा जळाला किंवा नादुरुस्त झाला. एकाही पर्यटकाचा जीव गेला नाही, तरी विमा कंपन्यांनी कोलंबोला उतरणाऱ्या विमानांसाठी युद्धजोखमीचे हप्ते इतके वाढवले की परदेशी विमान कंपन्यांना इथे येणेच परवडेना. एरवी पर्यटक घाबरतो आणि बेत रद्द करतो. इथे तो यायला तयार असला तरी त्याला आणणारे विमान मिळणे अवघड झाले होते.

त्सुनामीच्या वेळी मात्र आकड्याने चकवले. 26 डिसेंबर 2004 च्या लाटांनी 30 हजारांहून अधिक बळी घेतले आणि दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यांवरची हॉटेले उद्ध्वस्त केली. तरीही 2005 ची संख्या 5 लाख 49 हजार भरली, आदल्या वर्षापेक्षा फक्त 17 हजारांनी कमी. याचे कारण मोजणीत आहे. मदतकार्याला आलेले परदेशी स्वयंसेवक आणि तज्ज्ञही आगमनांच्या आकड्यात धरले गेले. किनाऱ्यावरच्या खोल्या रिकाम्याच होत्या. म्हणून आगमनांच्या आकड्याशेजारी हॉटेलांतल्या भरलेल्या खोल्यांचे प्रमाण आणि उत्पन्न हे दोन आकडे ठेवल्याशिवाय मी तरी त्यावर भरवसा ठेवत नाही. त्याच वर्षी भारताने ब्रिटनला मागे टाकून पर्यटक पाठवणाऱ्या देशांत पहिले स्थान घेतले. हा बदल टिकाऊ ठरला.

2009 नंतरची चढण सरळ होती: 2012 मध्ये 10 लाख, 2018 मध्ये 23 लाख. दक्षिणेतल्या गाल शहराला जाणारा द्रुतगती मार्ग झाला, देशात येण्यासाठी ऑनलाइन परवानगी सुरू झाली, चिनी पर्यटकही मोठ्या संख्येने येऊ लागले. 21 एप्रिल 2019 ला, ईस्टरच्या रविवारी, चर्च आणि कोलंबोतल्या पंचतारांकित हॉटेलांत बाँबस्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यात चाळीसपेक्षा जास्त परदेशी होते. युद्धाच्या काळात धोका बहुतांशी उत्तर-पूर्वेला असे, या वेळी तो थेट न्याहारीच्या टेबलापर्यंत आला होता. मे 2018 मध्ये 1 लाख 29 हजार पर्यटक आले होते, मे 2019 मध्ये आले 38 हजारांहूनही कमी.

सावरण्याआधीच करोना आला. 2018 मध्ये पर्यटनातून 438 कोटी डॉलर मिळाले होते, 2021 मध्ये जेमतेम 50 कोटी. बेसुमार करकपात, परदेशी कर्जे आणि रासायनिक खतांवरची बंदी ही 2022 च्या दिवाळखोरीची कारणे सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. पण पेट्रोल आणि औषधे आणायला डॉलर उरले नाहीत, त्यामागे हे आटलेले उत्पन्नही होते. त्यातच रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले आणि तेव्हा सर्वाधिक पर्यटक पाठवणाऱ्या देशांपैकी हे दोन होते. मग पेट्रोलच्या रांगांची छायाचित्रे जगभर गेली आणि उरलेल्यांनीही बेत रद्द केले.

संख्या पुन्हा वाढली त्यात सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा होता. 2024 च्या सुमारे साडेवीस लाखांत भारतीय 4 लाखांहून अधिक होते. कोलंबो-कँडी-नुवारा एलिया ही सहल आता मराठी कुटुंबांच्याही ओळखीची आहे. सीता एलिया येथील सीतेचे मंदिर बहुतेकांच्या यादीत असते. पण 2024 चे उत्पन्न 317 कोटी डॉलर होते. संख्या 2018 च्या 88 टक्क्यांवर पोहोचली, उत्पन्न 72 टक्क्यांवरच राहिले. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दितवा चक्रीवादळाने सहाशेहून अधिक बळी घेतले. ऐन हंगामाच्या तोंडावर याच डोंगराळ भागातले रस्ते आणि रेल्वेमार्ग दरडींखाली गेले आणि वर्ष उच्चांकाचे ठरले तरी पुढच्या हंगामाआधी ते पुन्हा उभे करण्याचा खर्च समोर उभा राहिला.