मुक्तस्रोत असणे आणि देखभालीत असणे

शाळा, महाविद्यालय, पतसंस्था किंवा ग्रंथालय यांच्यासाठी संगणक-प्रणाली निवडायची बैठक भरली की एक वाक्य हमखास ऐकू येते: ओपन सोर्स घ्या, म्हणजे उद्या कंपनीने सपोर्ट काढून घेतला तरी आपले अडणार नाही. या वाक्यात दोन स्वतंत्र गोष्टींची गल्लत आहे. सॉफ्टवेअर मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स, आहे की नाही, म्हणजेच त्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो की नाही, हे त्याच्या परवान्यावरून ठरते. ते देखभालीत आहे की नाही, हे मात्र त्यावर आज कोण काम करते, किती जण करतात आणि त्यांच्या वेळेचे पैसे कोण देते, यावरून ठरते. पहिली गोष्ट असली की दुसरी तिच्या मागोमाग येतेच, असा समज इतका पक्का बसला आहे की शंका विचारणाऱ्यालाच ‘तुम्ही ओपन सोर्सच्या विरोधात आहात का’ असे विचारले जाते. मी विरोधात नाही. माझ्या देखरेखीखालच्या जवळजवळ सगळ्या प्रणाली मुक्तस्रोतच आहेत, आणि म्हणूनच हा गोंधळ मला अधिक खटकतो.

बंदिस्त सॉफ्टवेअरचे काय होते ते बहुतेकांना अनुभवाने ठाऊक आहे, त्यामुळे ते थोडक्यात. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. तारीख कंपनी ठरवते, बरीच आधी जाहीर करते, आणि मुदतीनंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असलेल्या मोठ्या संस्थांना वेगळे पैसे मोजावे लागतात; ब्रिटनच्या सरकारने एक्सपीच्या एका वर्षाच्या वाढीव सपोर्टसाठी सुमारे ५५ लाख पौंड दिले होते. एवढी ऐपत नसलेल्या संस्थेला दुसऱ्या कोणाकडून दुरुस्ती करून घेण्याची वाट जवळजवळ बंद असते, कारण सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनते तो मूळ मजकूर, कंपनीच्या कपाटात असतो.

मुक्तस्रोत म्हणजे फुकट का, ते कमी सुरक्षित असते का, त्याला फक्त काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करूनच चालवावे लागते का, हे प्रश्नही बैठकीत निघतात. तिन्हींचे उत्तर ‘तसे काही नाही’ एवढेच आहे, आणि ज्या प्रश्नामुळे लोक खरोखर फसतात तो यांपैकी एकही नाही.

फसगत होते ती परवाना वाचताना, किंवा खरे तर न वाचताना. जीपीएल, एमआयटी, अपाची हे सगळे प्रचलित परवाने आपल्याला सॉफ्टवेअर वापरण्याचा, त्याचा कोड वाचण्याचा, तो बदलण्याचा आणि पुढे वाटण्याचा हक्क देतात. त्याच परवान्यांमध्ये हेही स्पष्ट लिहिलेले असते की सॉफ्टवेअर आहे त्या स्थितीत दिले जात आहे आणि त्याची कसलीही हमी नाही. म्हणजे दुरुस्ती करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण दुरुस्ती करण्याचे बंधन कोणावरही नाही. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून शेत नांगरले जात नाही, तसाच हा प्रकार आहे. हक्क कायमचा असतो. देखभाल मात्र दर महिन्याला कोणीतरी नव्याने करावी लागते, आणि ती करणारा माणूस नोकरी बदलतो, कंटाळतो, म्हातारा होतो किंवा त्याची कंपनी विकली जाते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ओपनऑफिस आणि लिब्रेऑफिस या, पत्रे, तक्ते वगैरे कार्यालयीन कामांसाठीच्या सॉफ्टवेअरच्या जोडीत सापडतो. दोन्हींचा कोड मुळात एकच. २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी घेतली, तिच्याबरोबर ओपनऑफिसही ओरॅकलकडे आले, आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला नाराज विकसकांनी ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ स्थापून लिब्रेऑफिस वेगळे काढले. पुढच्या वर्षी ओरॅकलने मूळ ओपनऑफिस मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची संस्थेला देऊन टाकले. आज दोन्ही मुक्तस्रोत आहेत आणि परवान्याच्या कसोटीवर दोन्ही पूर्ण उतरतात. पण लिब्रेऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या निघतात, तर अपाची ओपनऑफिस २०१४ पासून ४.१ याच आवृत्तीवर किरकोळ दुरुस्त्यांच्या आधाराने उभे आहे, आणि २०१६ मध्ये तर प्रकल्प गुंडाळण्याची शक्यता त्याच्या स्वतःच्या प्रमुखांनीच चर्चेला ठेवली होती. ते मायक्रोसॉफ्ट वर्डची डॉक्स (.docx) फाइल उघडते, पण त्या स्वरूपात साठवत नाही. तरीही जुने नाव लोकांच्या ओठांवर असल्यामुळे नव्या संगणकावर आजही ओपनऑफिस बसवून देणारे तंत्रज्ञ भेटतात, आणि ‘दोन्ही ओपन सोर्सच ना’ हे त्यांचे उत्तर ठरलेले असते. माझ्या मते २०१४ नंतर ओपनऑफिस नव्याने बसवण्याला एकही सबळ कारण उरलेले नाही.

आता हाच प्रश्न एक पायरी खाली न्यायला हवा, कारण प्रकल्प जिवंत असला म्हणून आपल्याकडची आवृत्ती जिवंत असते असे नाही. पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा जोमात आहे, परंतु पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली, आणि तीही मूळची २०१५ ची मुदत पाच वर्षे वाढवून दिल्यानंतर. लॉगफोरजे या, जावा भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवणाऱ्या घटकाच्या पहिल्या मालिकेची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्ये संपल्याचे जाहीर झाले. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या दुसऱ्या मालिकेत सुरक्षेचे गंभीर भगदाड सापडले आणि जगभर धावपळ उडाली, तेव्हा कितीतरी ठिकाणी असे आढळले की तिथे अजून पहिलीच मालिका चालू आहे. ते भगदाड त्या मालिकेत त्याच रूपात नव्हते म्हणून काही जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सहा वर्षांहून अधिक काळ कोणीही हात न लावलेला कोड आपल्या सर्व्हरवर आहे, याचे समाधान वाटून घेण्याची ती जागा नव्हती.

मग मुक्तस्रोत निवडून हाती नेमके काय लागते? याचे उत्तर सेंटओएसच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मिळते. रेड हॅट या कंपनीच्या विकत मिळणाऱ्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची सेंटओएस ही हुबेहूब, विनामूल्य आवृत्ती असल्यामुळे कित्येक होस्टिंग कंपन्या आणि विद्यापीठे तिच्यावर विसंबून होती. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आले, तेव्हा त्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे धरले गेले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने घोषणा केली की सेंटओएस ८ ची देखभाल २०२१ संपताच थांबेल. बंदिस्त मायक्रोसॉफ्टने तारखा वर्षानुवर्षे आधी जाहीर करून बहुतेक वेळा पाळल्या, आणि मुक्तस्रोत प्रणालीची तारीख मात्र एका घोषणेत सात-आठ वर्षांनी अलीकडे आली, ही गोष्ट ‘ओपन सोर्स म्हणजे शाश्वत’ म्हणणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी.

पण पुढे जे घडले ते विंडोजच्या बाबतीत घडू शकत नव्हते. सेंटओएसची जागा घेण्यासाठी क्लाउडलिनक्स या कंपनीच्या पुढाकाराने मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आले, सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कुर्टझर यांच्या पुढाकाराने जूनमध्ये रॉकी लिनक्स आले, आणि दोन्हींनी अशी साधने दिली की चालू सर्व्हर पुसून पुन्हा न उभारता जागच्या जागी बदलता यावा. मुदत संपण्याआधीच वाट तयार झाली होती. तिचे श्रेय परवान्याला आहे, यात शंका नाही. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे आहे. ही वाट काही महिन्यांत तयार झाली, कारण सेंटओएस वापरणारे असंख्य होते आणि त्यांच्यात पैसा व कुशल माणसे असलेल्या कंपन्या होत्या. दोनशे शाळांत वापरले जाणारे, एका उत्साही प्राध्यापकाने लिहिलेले हजेरीचे सॉफ्टवेअर बंद पडले, तर त्याचा परवाना कितीही उदार असला तरी कोणी अल्मालिनक्स काढायला धावून येत नाही. देखभाल थांबल्यावर हक्काची किंमत किती, हे तो हक्क बजावायला आणखी कोण तयार आहे यावर ठरते. निवड करताना मी परवान्याच्या खालोखाल, आणि कधीकधी त्याच्याही आधी, ही गर्दी पाहतो.

ग्रंथालयांच्या क्षेत्रात हा सगळा विषय जवळून पाहता येतो, कारण तिथले कोहा हे ग्रंथालयाचा कारभार चालवणारे सॉफ्टवेअर जन्मालाच याच अडचणीतून आले. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा हाताळू शकणार नव्हती, म्हणून न्यासाने १९९९ मध्ये काटिपो या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली आणि पुन्हा कोणा एकावर अवलंबून राहायला नको म्हणून ती जीपीएल परवान्याखाली खुली केली. आज तिच्यामागे अनेक देशांतले विकसक आणि पुरवठादार आहेत, दर मे व नोव्हेंबर महिन्यांत नवी आवृत्ती येते, आणि भारतातल्या कितीतरी महाविद्यालयीन ग्रंथालयांनी, महाराष्ट्रातल्यासुद्धा, ती स्वीकारली आहे. देखभालीत असलेल्या मुक्तस्रोत प्रणालीचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

आणि तरीही कोहा वापरणारी ग्रंथालये अडकतात. कशी अडकतात ते सांगतो, कारण माझ्या चिडीचा खरा विषय तोच आहे. पुरवठादार कोहा बसवून देतो आणि ग्रंथपालांना हवे असलेले चार अहवाल, ओळखपत्राची छपाई, मराठी शीर्षकांची विशिष्ट मांडणी अशा गोष्टींसाठी थेट मूळ कोडमध्ये हात घालतो. हे बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवले, तर तिथे इतर विकसक ते तपासतात आणि स्वीकारले गेल्यास पुढच्या आवृत्तीत ते आपोआप येतात; पण त्यात वेळ जातो, चुका दाखवल्या जातात, म्हणून ते पाठवले जात नाहीत. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, ती बसवली तर स्थानिक बदल पुसले जाणार असतात, म्हणून बसवली जात नाही. आवृत्ती जुनी राहिली की तिच्याखालची डेबियन किंवा उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिमही जुनी ठेवावी लागते. काही वर्षांनी पुरवठादार फोन उचलेनासा होतो, आणि ग्रंथालयाकडे जगात कोणाकडेच नसलेली, कोणालाच न समजणारी एक प्रणाली उरते. कागदोपत्री ती मुक्तस्रोतच असते. ‘खास तुमच्यासाठी बदललेले’ हे शब्द पुरवठादाराच्या माहितीपत्रकात दिसले की मला ते वैशिष्ट्य न वाटता इशारा वाटतो, आणि अहवालासाठी कोड बदलावा लागतो असे सांगणाऱ्याला कोहात एसक्यूएल या माहिती शोधण्याच्या भाषेतून हवा तो अहवाल लिहिण्याची सोय आधीपासून आहे हे ठाऊक नसावे, असे मी धरून चालतो.

आणखी एक घोटाळा अलीकडे वाढला आहे, त्याचा उल्लेख करून पुढे जाऊ. कोड सगळ्यांना दिसतो, पण परवाना वापरावर बंधने घालतो, अशा सॉफ्टवेअरलाही लोक मुक्तस्रोत म्हणतात. माहिती शोधणाऱ्या इलॅस्टिकसर्चने २०२१ मध्ये, सर्व्हरची मांडणी करणाऱ्या टेराफॉर्मने २०२३ मध्ये आणि वेगवान डेटाबेस असलेल्या रेडिसने २०२४ मध्ये परवाना असाच आवळला, आणि त्यातून अनुक्रमे ओपनसर्च, ओपनटोफू आणि व्हॅल्की हे फाटे, म्हणजे आधीच्या खुल्या कोडवरून काढलेले स्वतंत्र प्रकल्प, फुटले. इलॅस्टिकसर्च आणि रेडिस यांनी पुढे मुक्त परवान्याचा पर्याय परत आणला. ज्या प्रकल्पाचे सगळे हक्क एकाच कंपनीच्या हाती असतात, तिथे हे कधीही होऊ शकते. म्हणून डेटाबेस निवडायचा असेल तर मी पोस्टग्रेसक्यूएलकडेच वळतो, कारण त्याची मालकी कोणा एका कंपनीकडे नाही आणि त्याच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, हे आधीच जाहीर असते.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, ते मला मान्य आहे. माझी तक्रार निविदेच्या तक्त्याशी आहे, ज्यात ‘मुक्तस्रोत: होय/नाही’ असा एक रकाना भरला की विषय संपतो. त्या रकान्याशेजारी बसवली जाणारी नेमकी आवृत्ती आणि तिच्या दुरुस्त्या थांबण्याची जाहीर तारीख लिहून घ्यावी. प्रकल्प अशी तारीख जाहीरच करत नसेल, तर तेही लिहून घ्यावे. खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमचीही तारीख वेगळी मागावी, कारण डेबियनच्या एका आवृत्तीला दीर्घ देखभाल धरून साधारण पाच वर्षे मिळतात आणि प्रणाली त्याहून जास्त काळ चालवण्याचा आपला बेत असतो. हेच सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या, आपल्या पुरवठादाराशी संबंध नसलेल्या आणखी दोन कंपन्यांची नावे विचारावीत. मूळ कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल प्रकल्पाकडे पाठवण्याची अट करारात असावी. आणि वार्षिक देखभालीचा करार, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, तो ‘बंद पडल्यास चालू करून देणे’ एवढ्यावर न थांबता वर्षातून किमान एकदा आवृत्ती वर चढवणे हे त्यात कामाचा भाग म्हणून, त्याच्या रकमेसह, लिहिलेले असावे.