गाडी समोर, आरसीवरचा मालक समोर, मगच पैसे

जुनी गाडी ऑनलाइन बघणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बाजारात साडेचार लाखांना जाणारी हॅचबॅक मोबाइलवर १ लाख ६० हजारांना दिसली की हात लगेच फोनकडे जातो. जरा थांबा. ज्याला खरोखर गाडी विकायची आहे, त्याला कोणताही एजंट चार लाख तरी सहज देतो. मग तो अनोळखी माणसाला निम्म्याहून कमी भावात का देईल? एवढा कमी भाव फक्त तुमचा फोन यावा म्हणून लावलेला असतो.

फौजीची बदली

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात घराघरांत फौजी आहेत. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. फौजीच्या शब्दावर इथे कोणी शंका घेत नाही आणि भामटे नेमका त्याचाच फायदा उठवतात. ‘बदली झाली आहे, गाडी तातडीने काढायची आहे’ असे सांगून ते व्हॉट्सॲपवर ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड आणि वर्दीतला फोटो पाठवतात. ही कागदपत्रे बनावट असतात किंवा दुसऱ्याच कोणाची तरी असतात.

पुढचा क्रम ठरलेला असतो. गाडी ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’ने घरपोच येणार, त्यासाठी आधी गेटपासचे दोन-अडीच हजार पाठवा, ते परत मिळतील. ते गेले की वाहतुकीचे दहा-बारा हजार, मग जीएसटी, मग ‘गाडी पुण्यापर्यंत आली, पण उशीर झाला म्हणून दंड’. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, कारण ती द्यायला माणूस फार विचार करत नाही. नंतर तो आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून देत राहतो. खासगी व्यवहारात विकलेली गाडी सैन्यदल कोणाच्या दारात पोहोचवत नाही.

विकणाऱ्याला व्हिडिओ कॉल करून बॉनेट उघडायला आणि चासी नंबर दाखवायला सांगा. ‘कॅम्पात कॅमेऱ्याला बंदी आहे’ असे उत्तर आले की तिथेच विषय संपवा. जाहिरातीतले फोटोही मोठे करून बघा. गाडी कोल्हापुरात आहे म्हणतात, पण मागच्या दुकानाची पाटी भलत्याच लिपीत असते, किंवा एका फोटोत सीट कव्हर काळे आणि दुसऱ्यात तपकिरी. तोच फोटो गूगल लेन्समध्ये टाकला तर बऱ्याचदा मूळ जाहिरात सापडते.

गाडी खरी, मालक खरा, तरी फसवणूक

हा प्रकार सगळ्यांत घातक आहे, कारण यात तुम्ही गाडी डोळ्यांनी बघता आणि चालवूनही बघता. भामटा एखाद्याची खरी जाहिरात उचलतो आणि कमी किंमत लावून स्वतःच्या नंबरवर पुन्हा टाकतो. मूळ मालकाला तो सांगतो, ‘तुमचा भाव मान्य आहे. माझा पाहुणा गाडी बघायला येईल, त्याच्याशी किमतीचे बोलू नका, आमचा आपसातला हिशोब आहे.’ तुम्हाला सांगतो, ‘गाडी माझ्या मेहुण्याकडे आहे. बघून घ्या, पण भाव काढू नका, घरात वाद आहे.’ दोघेही सज्जनपणे गप्प बसतात. गाडी पसंत पडते, तुम्ही भामट्याने दिलेल्या खात्यात पैसे टाकता आणि किल्ली मागता. मालक म्हणतो, माझ्याकडे रुपयाही आलेला नाही. तेव्हा तो खरेच बोलत असतो.

उपाय दोन प्रश्नांचा आहे. गाडीजवळ उभे राहून आरसीवरच्या मालकाला मोठ्याने विचारा: कितीला देताय? आणि पैसे कोणाच्या खात्यावर? ‘किमतीचे बोलू नका’ असे कोणी बजावले असेल तर हे प्रश्न हमखास विचारा. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचे नाव येते. ते आरसीवरच्या नावाशी जुळले नाही तर पुढे जाऊ नका. भाऊ, पार्टनर, मॅनेजर असले कोणतेही खाते चालणार नाही.

कागद आणि पत्रा

व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा फोटो पुरावा म्हणून धरू नका. मालकाला समोर डिजिलॉकर उघडून आरसी दाखवायला सांगा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत जुळवा. मालकाचे नाव तिथे अर्धवट झाकलेले असते, तरी दिसणारी अक्षरे जुळली पाहिजेत. मग गाडीवर कोरलेला १७ अंक-अक्षरांचा चासी नंबर आरसीशी ताडून बघा. नंबराच्या भोवती घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग असेल तर गाडी सोडून द्या.

कर्ज फिटले असले तरी फॉर्म ३५ भरून बोजा उतरवेपर्यंत आरसीवर बँकेचे नाव राहते. निपाणी-बेळगावकडची केए पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा टॅक्स नव्याने भरावा लागतो. हा खर्च किमतीत धरूनच भाव ठरवा. ‘फॉर्म २९, ३० (गाडी नावावर करण्याचे अर्ज) सह्या करून देतो, नावाचे नंतर बघू’ हे ऐकू नका. गाडी नावावर होईपर्यंत चलन आणि अपघाताची भानगड मिटत नाही.

विम्याच्या पॉलिसीत नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, आकडा असतो. पाच वर्षे क्लेम नसेल तर तो ५० टक्के होतो. सहा-सात वर्षांच्या गाडीला शून्य किंवा २० टक्के दिसला तर अलीकडे क्लेम झाला असण्याची किंवा विमा मध्ये खंडित झाल्याची शक्यता धरा, आणि कारण विचारा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी वस्तीत शिरले होते. पुरात बुडालेली गाडी आजही चकाचक पॉलिश करून जाहिरातीत येऊ शकते. सीट बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची पिवळसर रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा आणि फ्यूज बॉक्स यांतला गंज टॉर्च लावून बघा.

मोबाइलवर येणारे सापळे

पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘टोकन परत करतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हटले की पैसे तुमचेच जाणार. स्वतःची गाडी विकणाऱ्यांनाही असेच गाठतात. ‘आरसीची फाइल’ किंवा ‘चलन’ म्हणून आलेली एपीके फाइल (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) उघडू नका, त्यातून मोबाइलमधले ओटीपी पळवले जातात.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला कळवा. तक्रार लवकर नोंदली तर समोरच्या खात्यातली रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येते. व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. चॅट पुसू नका आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ती काढून टाकली जाण्याआधी घ्या. काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, पैसे मिळवून देतो, फी भरा’ असा फोन आला तर तोही भामट्याचाच समजा.