दमट हवा जड नसते

बेसबॉलच्या समालोचनात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आज दमट आहे, हवा जड आहे, चेंडू लांब जाणार नाही." कॅरिबियन बेटांवरचा सामना असेल तर विचारायलाच नको. २०२६ च्या जागतिक बेसबॉल क्लासिक या देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेच्या गटसामन्यांसाठी पोर्तो रिकोतल्या सान हुआनची निवड झाल्याचं वाचलं, तेव्हा मला पहिल्यांदा हेच वाक्य आठवलं. ते चूक आहे. कसं चूक आहे हे समजून घेण्यात इतकी मजा आहे की त्यासाठी हा सगळा लेख खर्ची घालायला मी तयार आहे.

आधी मैदानाबद्दल. सान हुआनचं इराम बिथॉर्न स्टेडियम १९६२ साली सुरू झालं. त्याआधी शहराचं बेसबॉल अटलांटिकच्या काठावर, सिक्स्टो एस्कोबार मैदानात चालायचं. बिथॉर्न हा मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, खेळलेला पहिला पोर्तोरिकन. १९४२ साली तो शिकागो कब्ज या संघाकडून उतरला आणि पुढच्याच वर्षी त्यानं पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून १८ सामने जिंकून दिले. पस्तिसाव्या वर्षी मेक्सिकोत एका पोलिसाच्या गोळीनं त्याचा जीव गेला. मैदानाला त्याचं नाव आहे.

हे मैदान फक्त बेसबॉलचं कधीच नव्हतं. १९७६ च्या मार्चमध्ये विल्फ्रेड बेनिटेझ नावाचा १७ वर्षांचा मुलगा इथल्या रिंगणात मुष्टियुद्धाचा जगज्जेता झाला. इतक्या कमी वयात तोवर कोणीच झालं नव्हतं. १९७९ च्या पॅन अमेरिकन स्पर्धांचं उद्घाटन इथंच झालं. मॉन्ट्रियल एक्स्पोज या संघाला घरच्या मैदानावर प्रेक्षक मिळेनासे झाले, तेव्हा २००३ मध्ये त्यांनी आपले २२ 'घरचे' सामने इथं खेळले आणि पुढच्या वर्षीही ते आले. गाण्यांचे मोठे जलसेही इथं होतात. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळ बेटावर आदळलं, त्यात मैदानाचीही नासधूस झाली. तरी सात महिने पुरे व्हायच्या आत, एप्रिल २०१८ मध्ये, क्लीव्हलँड आणि मिनेसोटा हे संघ इथं खेळले. मिनेसोटाचे त्याआधीचे घरचे सामने हिमवादळानं रद्द झाले होते. बर्फातून निघालेला संघ दोन-चार दिवसांत थेट उष्ण कटिबंधात आला. आपल्याला हवा आहे तो प्रयोग असाच असतो: चेंडू तोच, खेळाडू तेच, हवा वेगळी.

आता हवेकडे वळू.

चेंडूला हवा किती अडवते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. ताशी १६० किलोमीटर वेगानं निघालेल्या बेसबॉलवर हवेचा अवरोध जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाइतका असतो, किंबहुना थोडा जास्तच. हाच चेंडू जमिनीशी ३० अंशांच्या कोनात मारला तर निर्वातात तो सुमारे १७५ मीटर जाईल. प्रत्यक्षात १२० मीटरच्या आसपास खाली येतो. बाकीचं अंतर हवा खाते, आणि किती खाते ते तिच्या घनतेवर ठरतं.

मग दमट हवेची घनता जास्त की कमी? आपल्या डोळ्यांसमोर स्पंजाचं चित्र असतं: हवा म्हणजे स्पंज, त्यात पाणी मुरलं, वजन वाढलं. पण हवेत बाष्प असं मुरत नाही. ते जागा घेतं. ज्या घनमीटरभर हवेत तुम्ही बाष्प सोडता, तिथून तेवढेच नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू बाहेर ढकलले जातात. अॅव्होगाड्रोचा नियम शाळेत शिकलोय तो हाच: दाब आणि तापमान सारखं असेल तर सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच. वायू कोणता, याला महत्त्व नाही.

पण का नाही? हलका रेणू भिंतीवर आपटला तर कमी जोर लागायला हवा, मग दाब टिकवायला असे रेणू जास्त लागायला हवेत, नाही का? नाही लागत. तापमान म्हणजे रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा. सारख्या तापमानाला पाण्याच्या हलक्या रेणूची आणि नायट्रोजनच्या जड रेणूची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते, म्हणजे हलका रेणू जास्त वेगानं धावतो. तो आपटतो हलका, पण आपटतो जास्त वेळा. हिशेब बरोब्बर जुळतो आणि दाबातला प्रत्येक रेणूचा वाटा समान निघतो. मला हा जुळलेला हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा वही मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

आता बेरीज करू. नायट्रोजनचा रेणुभार २८, ऑक्सिजनचा ३२, मिळून कोरड्या हवेची सरासरी साधारण २९. पाण्याचा १८. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असताना समुद्रसपाटीवर दर शंभर रेणूंमागे तीनेक रेणू पाण्याचे असतात. कोरडे शंभर रेणू: २९००. दमट शंभर: ९७ गुणिले २९ अधिक ३ गुणिले १८, म्हणजे २८६७. हवा एक टक्क्याहून थोडी जास्तच हलकी झाली. (धुकं वेगळं. त्यात पाण्याचे थेंब असतात, वायू नव्हे.)

दमट दिवशी आपल्याला जड वाटतं कारण घाम वाळत नाही. तो त्वचेचा अनुभव आहे. चेंडूला घाम येत नाही.

मात्र उलट्या बाजूनं अतिशयोक्तीही नको. एक टक्का हलक्या हवेत चेंडू जेमतेम अर्धा मीटर पुढे जाईल. तापमानाचा परिणाम याहून कितीतरी मोठा: १० अंशांची हवा ३० अंशांना गेली की घनता साडेसहा टक्क्यांनी घटते आणि चेंडू तीन-चार मीटर पुढे पडतो. वारा तर दोघांनाही झाकून टाकतो. शिवाय चेंडूला उलटी फिरकी असते. त्या फिरकीनं तो हवेत तरंगतो, आणि ती उचलही घनतेवरच अवलंबून असल्यानं विरळ हवेत कमी मिळते. मिळालेल्यातलं थोडं परत जातं. क्रिकेटच्या स्विंगचं श्रेय 'जड, दमट हवेला' देणाऱ्यांनीही इथं थांबून विचार करावा: घनतेचाच प्रश्न असेल तर दमटपणानं स्विंग किंचित कमीच व्हायला हवा. आणि एखादं मैदान एखाद्या संघाला 'लाभत नाही' असं म्हणणाऱ्यांनी आधी तापमापक आणि वाऱ्याची दिशा बघावी. मैदानाला वास्तुदोष नसतो.

तरीही जुन्या खेळाडूंची तक्रार पूर्ण खोटी नाही, आणि मला सर्वांत आवडतो तो भाग हाच. दमट हवेत चेंडू खरंच मंदावू शकतो, पण हवेमुळे नव्हे. बेसबॉलच्या पोटात बुचाचा गाभा, त्यावर रबर, त्यावर घट्ट गुंडाळलेला लोकरीचा धागा आणि वर कातडं असतं. लोकर आणि कातडं दमट जागी पाणी शोषतात. चेंडू थोडा जड होतो, आणि मुख्य म्हणजे मऊ पडतो. बॅटवर आदळल्यावर कमी उसळतो. स्पंजाचं चित्र बरोबर होतं, फक्त स्पंज हवा नसून चेंडू होता.

समुद्रसपाटीपासून १६०० मीटर उंचावरच्या डेन्व्हरमध्ये याचाच उपयोग करून घेतला गेला. तिथल्या विरळ, कोरड्या हवेत होम रनचा (क्रिकेटच्या षटकारासारखे मैदानाबाहेर जाणारे फटके) पाऊस पडायचा. २००२ पासून तिथं चेंडू ५० टक्के आर्द्रतेच्या बंद खोलीत ठेवू लागले आणि होम रन लक्षणीय घटले. २०२२ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर अशी सोय झाली.

१७ एप्रिल २०१८ च्या रात्री, जवळच्या काग्वास गावात जन्मलेल्या, क्लीव्हलँडच्या फ्रान्सिस्को लिंडोरनं बिथॉर्नवर होम रन मारला तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं. दुसऱ्या रात्री त्याच हवेत, त्याच मैदानावर, सामन्याचे ठरलेले नऊ डाव संपले तरी फलक ०-० होता. मिनेसोटाचा पिचर, पोर्तो रिकोतल्याच बायामोनचा होसे बेरिओस सात डाव एकही धाव देत नव्हता. पाच तासांहून जास्त चाललेला तो सामना सोळाव्या डावात मिनेसोटानं २-१ असा जिंकला.