पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स डिस्कवर का रुसतं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ जुने प्रोसेसर स्वीकारत नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीतून जुना लॅपटॉप घेतलेल्या इंजिनिअरिंगच्या पोरांपुढे मग लिनक्स हा चांगला मार्ग उरतो. पण पेनड्राइव्हवरून झकास चाललेलं, नीट इन्स्टॉल झालेलं लिनक्स रिस्टार्टनंतर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ दाखवतं आणि खापर लिनक्सवर फुटतं. हे मला पटत नाही. या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतं.

१९८१ च्या आयबीएम पीसीतला बायोस, म्हणजे तेव्हाचं फर्मवेअर, डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचा आणि चालवायचा. ऑपरेटिंग सिस्टिम कोणाची, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

१९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिममधल्या संवादाचं मानक आणलं. बॅटरी, पंखा, स्लीप यांची माहिती फर्मवेअर आता तक्त्यांतून देऊ लागलं. त्या तक्त्यांत ‘तू कोणती सिस्टिम?’ असं विचारायची सोय आहे. कंपन्यांनी तपासणी केली ती मुख्यतः विंडोजवर. त्यामुळे ‘मी लिनक्स’ असं उत्तर दिलं की कधीच न तपासलेला कोड चालायचा. शेवटी लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, स्वतःला विंडोज म्हणवून घेऊ लागलं, आणि आजही तेच करतं. प्रामाणिक उत्तर दिलं तर मशीन बिघडतं, ही स्थिती कंपन्यांना शोभत नाही.

इंटेलने आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी बनवलेलं ईएफआय हे बायोसची जागा घेणारं फर्मवेअर २००५ पासून यूईएफआय फोरम या कंपन्यांच्या संघटनेकडे आलं आणि यूईएफआय झालं. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट, म्हणजे डिजिटल सही असलेलाच बूट कोड चालू देणारी सोय, घरोघरी पोचली, आणि लिनक्सवाल्यांना ‘शिम’ नावाचा छोटा लोडर मायक्रोसॉफ्टकडून साइन करून घ्यावा लागला. त्याच वर्षी लिनक्स डेव्हलपर मॅथ्यू गॅरेट यांनी लेनोव्होच्या एका डेस्कटॉपचं फर्मवेअर उघडं पाडलं: बूट नोंदीचं नाव ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स’ असेल तरच ते पुढे जायचं! २०१३ च्या सुरुवातीला सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स बूट करताच कायमचे बंद पडले. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० या लिनक्सचं डाउनलोड थांबवावं लागलं, कारण काही लॅपटॉपमध्ये बायोसची सेटिंग सेव्ह होईनात. तिथे मात्र चूक लिनक्सकडच्या ड्रायव्हरची होती, तेही सांगायला हवं.

आता पेनड्राइव्हचं. यूईएफआयमध्ये डिस्कवरच्या सिस्टिमची नोंद मदरबोर्डच्या मेमरीत असते. काही फर्मवेअर ती नोंद पुसतं, काही तिच्याकडे बघतच नाही. पेनड्राइव्हला नोंद लागत नाही. त्यावरच्या ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल असली की पुरे, हा ठरलेला पत्ता आहे. म्हणून डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवरही (बूटच्या फाइली ठेवायच्या भागावरही) याच पत्त्यावर शिमची फाइल त्याच नावाने ठेवावी आणि शेजारी लिनक्सचा मुख्य बूटलोडर ग्रब याची. डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये त्यासाठी पर्यायच दिला आहे.