ग्राफ स्पेचा कॅप्टन नक्की कुणाचा माणूस होता? जुन्या वादाची पार्श्वभूमी

ग्राफ स्पे या जर्मन युद्धनौकेचा कॅप्टन हान्स लँग्सडॉर्फ याने डिसेंबर १९३९ मधे, १९ च्या रात्री की २० च्या पहाटे ते सोडून द्या, ब्यूनोस आयर्समधे स्वतःवर गोळी झाडून घेतली. खरी भांडणं होतात ती मृतदेहाखाली कुठला झेंडा होता यावरून. एक बाजू सांगते कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळातला जुना आरमारी झेंडा, म्हणजे गडी मनातून नाझीविरोधी. दुसरी बाजू म्हणते छे, त्याच्या जहाजाचाच झेंडा, म्हणजे स्वस्तिकवाला, म्हणजे हिटलरचा निष्ठावंत. आता या दोन टोकांच्या मधे काय आहे ते बघायचं तर थोडं मागे जावं लागतं.

जन्म १८९४, रुगेन बेटावरचा. पुढे कुटुंब ड्युसेलडोर्फला गेलं, तिथे शेजारी कोण तर ॲडमिरल ग्राफ फॉन स्पेचं घराणं, तोच स्पे जो १९१४ मधे फॉकलंडच्या लढाईत आपल्या जहाजासकट बुडाला. घरच्यांचा विरोध असून पोरगा १९१२ ला आरमारात गेला, १९१६ ला ब्रिटिशांशी झालेल्या जटलंडच्या आरमारी लढाईत आयर्न क्रॉस हे पदक मिळवलं. म्हणजे त्याची सगळी घडण कैसरच्या आरमारातली. त्या आरमाराचा शेवट कसा झाला तर १९१८ ला कीलमधे खलाशांचं बंड आणि १९१९ ला स्कापा फ्लो या ब्रिटिश आरमारी तळावर आपल्याच हाताने बुडवलेली जहाजं. त्या पिढीच्या ऑफिसरांच्या डोक्यात इज्जत, झेंडा, जहाज हे शब्द किती जड होते ते इथून कळतं.

१९३६-३७ मधे स्पेनच्या यादवी युद्धाच्या वेळी तो ग्राफ स्पेवरच स्टाफवर होता आणि १९३८ च्या शेवटी तिचा कॅप्टन झाला. ऑगस्ट १९३९ मधे, युद्ध सुरू व्हायच्या आधीच, जहाज विल्हेल्म्सहाफेनहून निघालं. पुढच्या काही महिन्यांत नऊ ब्रिटिश व्यापारी जहाजं, मिळून ५०,००० टनांच्या आसपास, बुडवली आणि त्यात एकही खलाशी मेला नाही. आधी माणसं उतरवायची, मग जहाज बुडवायचं. त्यातलं हंट्समन कलकत्त्याहून माल घेऊन इंग्लंडला चाललं होतं आणि त्यावर भारतीय खलाशी बरेच होते, तेही कैदी झाले आणि आल्टमार्क या साथीच्या जहाजावर अडकले, १९४० च्या फेब्रुवारीत ब्रिटिशांनी नॉर्वेच्या किनाऱ्यावर त्यांना सोडवलं. ग्राफ स्पेवर ठेवलेल्या ब्रिटिश कॅप्टनांनी नंतर लँग्सडॉर्फची तारीफच केली. सज्जन शत्रू ही इमेज इथूनच तयार झाली.

१३ डिसेंबरला प्लेट नदीच्या मुखाबाहेर एक्झेटर, एजॅक्स आणि अकिलिस या तीन क्रूझरशी गाठ पडली. (हीच अकिलिस १९४८ ला आपल्या नौदलात आली आणि आयएनएस दिल्ली झाली, १९६१ च्या गोवा मुक्तीच्या कारवाईत दीवच्या बाजूला होती, आणि शेवटी १९७८ ला मुंबईत भंगारात गेली. आपल्याकडे हे फार कमी लोकांना माहीत असतं.) एक्झेटर पार खिळखिळी झाली पण ग्राफ स्पेलाही मार बसला, ३६ जर्मन मेले, आणि लँग्सडॉर्फ जहाज मोंतेविदेओ बंदरात घेऊन गेला. उरुग्वे तटस्थ देश, त्यांनी थांबायला ७२ तास दिले. इकडे ब्रिटिशांनी बाहेर मोठा ताफा येतोय अशी हवा केली, प्रत्यक्षात फक्त कंबरलँड ही एकच क्रूझर येऊन पोचली होती. बर्लिनचं म्हणणं होतं की उरुग्वेच्या ताब्यात जहाज द्यायचं नाही, जमलं तर लढत ब्यूनोस आयर्स गाठा नाहीतर बुडवा. १७ ला संध्याकाळी त्याने स्फोट करून जहाज बुडवलं आणि हजारावर माणसं अर्जेंटिनात सुखरूप पोचवली.

आता पुराव्यांकडे. सगळ्यात फेमस फोटो लढाईत मेलेल्या जर्मनांच्या १५ डिसेंबरच्या अंत्यविधीचा. आजूबाजूचे हात वर करून नाझी सलाम करतायत आणि लँग्सडॉर्फ साधा आरमारी सॅल्यूट. फोटो बघून वाटतं काय डेअरिंग! पण गंमत अशी की तेव्हा जर्मन सैन्यात टोपी घातलेल्या माणसाचा नेहमीचा सॅल्यूट हाच होता, हात वर करणं सक्तीचं झालं ते जुलै १९४४ च्या हिटलरवरच्या हल्ल्यानंतर. नाझी पार्टीचा मेंबर नव्हता हा मुद्दाही तसाच फुसका, कारण १९३५ च्या कायद्याने नोकरीत असलेल्या सैनिकांना राजकारण बंदच होतं. आणि जुना झेंडा? समजा तोच होता असं धरलं तरी हिटलरच्या आरमारात दर ३१ मेला जटलंडच्या आठवणीत तो अधिकृतपणे फडकवायचे, त्यामुळे तो जवळ असणं म्हणजे बंड नाही.

उलट बाजूला त्याचं शेवटचं पत्र आहे, जर्मन राजदूताला लिहिलेलं. त्यात कॅप्टनचं नशीब जहाजापासून वेगळं करता येत नाही असं तो लिहितो आणि राष्ट्राच्या आणि आपल्या फ्यूररच्या भविष्यावर विश्वास असल्याचंही लिहितो. हे वाक्य त्याला हिरो करणारे हळूच गाळतात. अर्थात राजदूताला जाणारं पत्र बर्लिनला पोचणार हे त्याला माहीत होतं, मागे बायकोमुलं होती, त्यामुळे तेही शंभर टक्के मनातलं धरता येत नाही. मला विचाराल तर तो विरोधक नव्हता आणि कट्टरही नव्हता, सरकार कुणाचंही असो नोकरी आरमाराची असं मानणाऱ्यांपैकी होता, आणि असल्या माणसांच्या जोरावरच हिटलरचं युद्ध चाललं. नाझीविरोधी लँग्सडॉर्फ सगळ्यांनाच सोयीचा पडला, युद्धानंतरच्या जर्मनांना स्वच्छ ऑफिसर हवा होता आणि ब्रिटिशांना हरवण्यालायक सभ्य शत्रू.

हिटलर मात्र भडकला होता, न लढता जहाज बुडवलंच कसं म्हणून. मग आरमारप्रमुख रेडरने हुकूम काढला की यापुढे जर्मन युद्धनौका शेवटच्या गोळ्यापर्यंत लढेल, जिंकेल नाहीतर झेंडा फडकत ठेवून बुडेल. १९४१ मधे बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका लढत बुडाली ती याच वातावरणात. लँग्सडॉर्फचा मुलगा योआखिम डिसेंबर १९४४ मधे एकट्याने चालवायच्या छोट्या पाणबुडीत मेला.

वाद अजून मिटलेला नाही. २००६ ला ग्राफ स्पेच्या मागच्या भागावरचा ब्राँझचा गरुड पाण्यातून काढला, पायात स्वस्तिक असलेला, आणि त्याचं करायचं काय यावर उरुग्वेत कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२३ मधे तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी तो वितळवून शांतीचं कबुतर बनवायची घोषणा केली, त्यावर एवढी बोंब झाली की थोड्याच दिवसांत निर्णय मागे घेतला.