खारवट की चोपण? गव्हाच्या रानाला जिप्सम टाकण्याआधी

रानात पांढरा थर दिसला की लोक जिप्समच्या गोण्या आणतात. निम्म्या वेळा तो पैसा वाया जातो, कारण क्षारपड (क्षार साठून बिघडलेल्या) जमिनी खारवट आणि चोपण अशा दोन प्रकारच्या असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (पीएच) मात्र ८.५ च्या आत. ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. गहू साधारण ६ डेसीसायमनपर्यंत तग धरतो, पुढे प्रत्येक एककाला सुमारे ७ टक्के उत्पादन घटते. इथे जिप्समचा उपयोग नाही. क्षार चांगल्या पाण्याने खाली धुवायचे आणि चरातून किंवा जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांतून रानाबाहेर काढायचे. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडे पाण्याची पातळी वर आलेली असते. तिथे निचऱ्याविना पाणी दिले तर क्षार बाष्पीभवनाने पुन्हा वर येतात.

चोपण जमिनीत पांढरा थर बहुधा नसतोच. मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असते, सामू ८.५ च्या वर. ओली झाली की चिकण, वाळली की दगड. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, म्हणून पहिल्या पाण्यानंतर गहू पिवळा पडतो. अशा वेळी युरिया वाढवून भागत नाही. उच्च सामूत नत्र अमोनिया होऊन उडते. इथे जिप्समच हवे: माती परीक्षणात निघालेल्या गरजेच्या ५० टक्के, वरच्या १० सेंमी थरात मिसळून, पावसाळ्याआधी, बांधबंदिस्ती करून. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर खाली जाते. जिप्समऐवजी गंधक चुनखडीच्या काळ्या रानात चालते, पण जिवाणूंनी त्याचे आम्ल करायला बरेच आठवडे लागतात. पेरणीच्या तोंडावर टाकून त्या गव्हाला फायदा नाही.

घरी ओळखायचे तर बाटलीत एक भाग सुकी माती आणि पाच भाग पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्या, हलवून रात्रभर ठेवा. वरचे पाणी नितळ झाले तर खारवट, गढूळच राहिले तर चोपण. विहिरीचे पाणी वापरू नका, त्यातले क्षार गाळ खाली बसवतात आणि चोपण माती चांगली वाटते.

अहवाल वाचताना एक चूक फार होते. बऱ्याच प्रयोगशाळा क्षारता १:२.५ द्रावणात (एक भाग माती, अडीच भाग पाणी) मोजतात. तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो. म्हणून ४ ची मर्यादा त्याला थेट लावू नका, पद्धत विचारून घ्या.

काही रानांत दोन्ही दोष एकत्र असतात. तिथे जिप्समशिवाय नुसते धुतले तर क्षार जातात, सोडियम मागे राहते आणि जमीन पक्की चोपण होते.

वाणाची मदत दोन्हीकडे होते. हरियाणातल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे केआरएल २१० आणि केआरएल २१३ हे वाण यासाठीच काढलेले आहेत, पण आधी थोड्या क्षेत्रावर पेरून पाहा. बियाणे नेहमीपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त धरा, कारण उगवण विरळ होते. चोपणात पाणी हलके द्या आणि २४ तासांनंतरही साचलेले दिसले तर ते काढून टाका.